शेजारच्यांची हेर

खाणावळवाल्या खालांविषयी आज दुबईतल्या आमच्या कोकणी लोकांत तीन कथा चालतात. पहिली साफ खोटी आहे, दुसरी अज्ञानातून आलेली आहे, आणि तिसरी राजापूरवाल्यांची आहे.

पहिली कथा लग्नांच्या पंगतींत ऐकू येते. येमेनच्या यादवी युद्धात खाला बुरख्याखाली पिस्तूल बाळगीत आणि कुणा कर्नलासमोर नाचून त्याचे नकाशे पळवीत, असे तिच्यात सांगितले जाते. अल मनखूलमधल्या एका वलिम्याच्या जेवणात ज्या बाई हे रंगवून सांगत होत्या, त्यांचा जन्म खाला दुबई सोडून गेल्यानंतरचा आहे. मी त्यांना तिथल्या तिथे विचारले, "तुम्ही खालांना जिना चढताना पाहिलं होतं का?"

"नाही हो, मी कशी पाहणार?"

"मी पाहिलं होतं. एका पायरीवर दोन्ही पाय ठेवायचे, अल्लाचं नाव घ्यायचं, मग पुढची पायरी. त्या गुडघ्यांनी कोणता कर्नल घायाळ होणार होता?"

माझी नात शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "नाना, प्लीज. पीपल आर ईटिंग." म्हणून मी थांबलो. पटले म्हणून नव्हे.

दुसरी कथा एका निवृत्त शिक्षकांची. त्यांच्या मते खाला इंग्रजांच्या पगारी हेर होत्या. खालांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, 'वेट', आणि तो त्या मांजराला म्हणत. या कथेवर मी याहून अधिक शाई खर्च करणार नाही.

तिसरी मात्र धोक्याची आहे, कारण ती साधी आहे आणि साधे ते खरे असा लोकांचा समज असतो. राजापूरवाले सांगतात, "हेर कसली नि काय कसली! म्हातारीच्या हाताला मीठ जास्त होतं, एवढंच." राजापूरवाले माझे त्या काळचे खोलीबंधू. आम्ही एकाच चटईवर झोपलो आणि एकाच ताटात जेवलो, म्हणून लोक त्यांना साक्षीदार मानतात. पण साक्षीदार प्रसंगाच्या वेळी हजर असावा लागतो. ते नव्हते. का नव्हते, ते त्यांच्या कथेत कधीच येत नाही. ते माझ्या या लेखात येईल.

साठच्या दशकाची ती शेवटची वर्षे होती. आज ज्यांना दुबई म्हणजे काचेचे मनोरे वाटतात, त्यांना सांगून उपयोग नाही, तरी सांगतो: बर दुबईत तेव्हा खाडीपासून चार गल्ल्या आत गेले की वाळू लागे. पाणी गाढवावरून दारी येई, आणि मुंबईची आगबोट बाहेर समुद्रात थांबून आम्हा रत्नागिरीकरांना पडावांत उतरवून देई. मी खाडीवरच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीत जकातीचे कागद करीत असे. राहायला खालांचे घर. ते त्यांच्या मरहूम नवऱ्याच्या चुलतभावाचे होते. त्याने ते त्यांच्या हवाली केले होते आणि त्यांनी त्यात खाणावळ घातली होती. वर आम्ही कोकणातली पोरे, खाली खाला आणि त्यांची चूल.

खाला कधी कुणाला प्रश्न विचारीत नसत. त्यांचे म्हणणे, "विचारलं की माणूस उत्तर बनवायला बसतो. न विचारता बसून राहिलं, की तोच सांगतो." त्या बसून राहत. पानाचा डबा मांडीवर, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. आम्ही कामावरून येऊन चपला काढेपर्यंत त्यांना कळलेले असे की कुणाचा शेठ चिडला, कुणाला घरून बातमी आली, कोण नमाज चुकवून खाडीवर गप्पा मारीत बसला होता. राजापूरवाले याला 'म्हातारपणाचा चौकसपणा' म्हणतात. त्यांचे स्वतःचे म्हातारपण आता पुरेसे झाले आहे, पण त्यांना स्वतःच्या घरात कोण आले नि कोण गेले हेही कळत नाही.

त्यांचे दुसरे वेड ताटांचे. आमच्याकडे शेजारी पदार्थ पाठवायचा तर ताट झाकून पाठवतात, आणि ते ताट रिकामे परत करीत नाहीत. दोन खजूर का होईनात, ठेवूनच देतात. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण खालांच्या बाबतीत हा रिवाज उरला नव्हता, ते शास्त्र झाले होते. परत आलेले ताट त्या आधी वासाने पाहत, मग बोटाने, मग डोळ्यांनी. घासून आले की नुसते विसळून, काय ठेवून आले, रुमाल कुणाचा घातला. आणि एखादे ताट संध्याकाळपर्यंत परत आले नाही, तर घरात कुणाला सुखाने जेवता येत नसे.

"जा, ताट घेऊन ये."

"खाला, उद्या देतील की."

"उद्याचं मला सांगू नकोस. यल्ला, ऊठ."

ताटेही साधी नव्हती. तांब्याची, कल्हई केलेली, लग्नात माहेरून आलेली. आणि आपल्या मुलुखाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले. खालांच्या नवऱ्याचे नाव, खाली गाव, सगळे बाळबोध लिपीत, रत्नागिरीच्या तांबटाने ठोकलेले. सहा ताटांपैकी पाचच घरात होती. सहाव्याविषयी विचारण्याची आमची छाती नव्हती.

एकदा आम्ही त्यांना खाडीपलीकडे उघड्यावरच्या सिनेमाला नेले. त्यांच्याविषयी काहीबाही कानावर आले होते म्हणून मुद्दाम हेरगिरीचा हिंदी सिनेमा निवडला. पडद्यावर एक बाई चमचमत्या पोशाखात शत्रूच्या अड्ड्यावर गाणे म्हणत होती. खालांनी अर्धे गाणे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "हिला एवढं नाचायला वेळ कसा मिळतो? मग त्या माणसांना जेवायला कोण घालतं?" उरलेला सिनेमाभर त्या झोपल्या. परतताना अब्रेत, म्हणजे खाडीतल्या होडीत, बसल्यावर मला म्हणाल्या, "फौज आधी खानसाम्याला सांगते, मग शिपायाला. सिनेमावाल्यांना एवढंही ठाऊक नाही."

या वाक्याचा अर्थ मला रमजानआधीच्या शबे-बरातीला कळला.

एक कंत्राटदार होता. वाळवंटात आत, दूरवर, तेलाच्या तळाचे काम त्याला मिळाले होते आणि त्याला कारकून हवे होते. मी आणि राजापूरवाले, दोघांनीही होकार दिला होता. शबे-बरातीच्या हलव्याची ताटे गल्लीत फिरली, आली, गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो तर सालन, म्हणजे रस्सा, असे खारट, की जीभ टाळ्याला चिकटली. इतर पोरे मुकाट जेवत होती. त्यांच्या वाटीतले मी चाखले. ते व्यवस्थित होते. खारट होते ते फक्त माझे आणि राजापूरवाल्यांचे.

इथे माणसामाणसांतला फरक पाहा. राजापूरवाल्यांनी सभ्यपणे सगळे संपवले आणि दोन तांबे पाणी प्यायले. मी वाटी उचलली आणि भांडायला थेट चुलीपाशी गेलो.

"खाला, हे काय आहे? आम्ही काय गुन्हा केला?"

"खारट लागलं?"

"समुद्र लागला!"

"मग जाऊ नकोस."

"कुठे?"

"त्या वाळूत. त्या कंत्राटदाराबरोबर." त्यांनी वर न पाहता कांदा चिरायचे काम चालू ठेवले. "त्याच्या घरून काल ताट परत आलं. ताटात लोणच्याची बरणी. भरलेली. गल्लीत विचार, सगळ्यांना बरण्याच गेल्यात. वर्षाचं लोणचं बाई वाटून टाकत्ये ती केव्हा? तर बरणी बोटीत नेता येत नाही तेव्हा. ते घर हलणाराय रे बाबा. तू आत वाळूत आणि तो मुंबईच्या आगबोटीत."

"मग सरळ सांगायचं! मीठ कशाला?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिले. "सवय," त्या म्हणाल्या.

मी गेलो नाही. राजापूरवाल्यांना मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "मियाँ, लोणच्यावरून नोकरी सोडायची? म्हातारीचा हात चुकला असेल." आणि ते ट्रकवर चढून वाळवंटात गेले. कंत्राटदार केव्हा पसार झाला, हे मी लिहीत नाही. राजापूरवाले ईदनंतर काळेठिक्कर पडून, एका उंटवाल्याच्या दयेने परत आले, एवढे लिहितो. म्हणजे त्या वर्षीच्या रमजानात ते दुबईत नव्हते, आणि जे घडले ते त्या रमजानात घडले. त्यांच्या गैरहजेरीचे कारण खालांचे न ओळखलेले मीठच, हे त्यांच्या लक्षात अजून आलेले नाही.

मिठाची सवय कुठली, ते मला खालांनी त्या आठवड्यात तुकड्यातुकड्यांनी सांगितले. मी बहुतेक वेळ न विचारता बसून राहिलो, त्यांचीच युक्ती.

त्यांचा नवरा जहाजावरचा फिटर. एडनला उतरला, आणि तिथून येमेनच्या एका डोंगरी गावाने त्याला पिठाची चक्की चालवायला नेले. खाला मागोमाग गेल्या. दोनेक वर्षांत तो तापाने गेला. परके गाव, परकी बोली, मूल नाही. भिंतीला लागून गावच्या काझींचे घर होते. काझींनी जनाज्याची नमाज पढवली, आपल्याच कबरस्तानात जागा दिली, आणि खालांच्या घरी चूल पेटेना तोवर त्या घरातून रोज झाकलेले ताट येत राहिले.

"किती दिवस, खाला?"

"मोजले असते तर फेडता आले असते. मोजले नाहीत."

मग यादवी पेटली. गावात एका पक्षाची फौज उतरली आणि डोंगरात दुसऱ्या पक्षाची माणसे राहिली. कोणता पक्ष कोणता, याबद्दल आमच्याकडचे शहाणे अजून वाद घालतात. खाला त्यांना 'खालचे' आणि 'वरचे' म्हणत, त्याहून जास्त तपशिलात त्या गेल्या नाहीत. काझींचे दोन मुलगे 'वरच्यां'त होते. 'खालच्या' अधिकाऱ्यांना स्वयंपाकीण हवी होती, आणि गावात एकटी, निराधार, परदेशी बाई एकच होती. खाला त्यांच्या भटारखान्यात लागल्या.

तिथे त्यांना कळले की फौजेचे गुपित तिच्या पोटात असते. उद्या वाटेवरची कोरडी भाकरी हवी असे सांगितले, की फौज निघणार. दोघांना जेवण नको म्हटले, की दोघे आधी पुढे गेले. गरम पाणी आणि मऊ भात मागितला, की जखमी आले. खालांना हे कळत होते, आणि भिंतीपलीकडच्या घराचे मुलगे डोंगरात होते. त्या घरचे ताट भरून आलेले होते. ते रिकामे परत कसे करायचे?

म्हणून त्या पदार्थ पाठवू लागल्या आणि त्यात मीठ बोलू लागले. खूण काझींशी भिंतीआडून ठरली होती. नेहमीचे मीठ असेल तर सारे शांत. थोडे जास्त झाले तर फौज हलणार. तोंडात घालवणार नाही इतके झाले, तर निघा, आत्ताच्या आत्ता. भटारखान्यातून घरी येताना नाक्यावरचा शिपाई रुमाल उचलून पाही. भात आणि गोश्त. एकदा त्याने बोट बुडवून चाखलेही आणि तोंड वेडेवाकडे करून म्हणाला, "आमच्या अधिकाऱ्यांनाही असंच घालतेस का?" खाला मला सांगताना अजून संतापत. "अख्ख्या गावात माझं नाव झालं, की हिंदी बाईला स्वयंपाक येत नाही. माझ्या आईचं सांदण खायला पाच गावांची माणसं यायची. आणि मी तिथे मिठाची बाई!"

माझ्या मते जगातल्या हेरगिरीच्या इतिहासात याला तोड नाही, आणि दुसऱ्याही एका गोष्टीला नाही: ही बाई शत्रूच्या नाकासमोरून गुप्त संदेश पाठवीत होती, तो नवऱ्याचे नाव आणि गाव ठोकलेल्या ताटातून. मी हे त्यांना हसत म्हटले. त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. "मग? नाव नसलेलं ताट परत कसं येणार?" नाक्यावरच्या शिपायानेही एकदा त्या अक्षरांवर बोट ठेवून काय लिहिले आहे विचारले होते. खालांनी खरे ते सांगितले: "ताट कुणाचं ते."

"म्हणजे तुम्ही वरच्यांच्या हेर," मी म्हणालो.

"वरच्यांचं मला काय करायचंय? मी शेजारच्यांची हेर."

मग ते शेवटचे ताट. तोही रमजानच होता. दुपार कलल्यावर अधिकाऱ्यांनी सांगितले, आज इफ्तारी इथे नको, शिपाई गल्लीतच रोजा सोडतील. कुठल्या गल्लीत, हे खालांना सांगावे लागले नाही. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानीला सगळे घर एका जागी बसलेले असणार, तेव्हा काझींच्या घराला वेढा पडणार. खालांनी मुठीने मीठ घातले, ताट झाकले आणि घरी येऊन इफ्तारीचे म्हणून भिंतीवरून पलीकडे दिले. हात मोकळे झाले, आणि मग त्यांच्या ध्यानात आले.

रोजा होता. काझींचे घर. अजान होईपर्यंत त्या ताटाला कोण बोट लावणार होते? मीठ जिभेवर पडेल तेव्हा दार वाजत असेल.

"ओरडायचं तरी, खाला."

"दाराशी शिपाई उभा केला होता. मला, भांड्यांना, सगळ्यांना गाडीत घातलं. भटारखाना दुसऱ्या गावी हलला." पुढे तिथून त्या एडनला निसटल्या, एडनहून दुबईला. "एवढ्या वर्षांत ताट परत आलं नाही. म्हणजे काय ते तू समज."

म्हणून सगळ्या पोरांना त्यांची ताकीद होती: येमेनचा कुणी विचारत आला, तर खाला वारल्या म्हणून सांगायचे. फौजेच्या भीतीने, असे आम्ही समजत होतो. त्या दिवशी त्यांनी मला खरे कारण सांगितले. "मेलेल्या बाईला कुणी बातमी सांगत नाही."

आणि त्याच रमजानात बातमी आली.

मी जकातीच्या छपराखाली कॉफीच्या गोण्यांचे कागद करीत होतो. गोण्यांचा मालक विशी ओलांडलेला, उंच, कमरेला खंजीर लावलेला येमेनी. काम झाले, तरी तो जाईना. मग त्याने गाठोडे सोडले, आतून एक ताट काढले आणि माझ्यासमोर उलटे धरले. "हबीबी, ही लिपी कुणाची? एडनला विचारलं, कुणी बनियाची म्हणालं, कुणी चिन्यांची म्हणालं."

तांब्याचे ताट. कल्हई उडालेली. ठिपक्याठिपक्यांनी एक नाव आणि त्याखाली एक गाव. माझ्या गावापासून दोन खाड्या पलीकडचे.

मी लिपी वाचली. माझा चेहरा त्याने वाचला असावा, कारण त्याने माझे मनगट धरले. "बाई कुठे आहे?"

माझ्यापुढे ताकीद होती. मी म्हणालो, "वारली."

तो गोणीवरच बसला. त्याने दुआ पढली. मग डोळे पुसून म्हणाला, "कबर दाखव. ताट परत करायचं आहे."

मी घरी येऊन खालांना सांगितले. त्या पिठाने माखलेले हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

"रडला?"

"रडला."

"फौजेतलेही रडतात. ताट लुटीतही मिळतं." त्या चुलीकडे वळल्या. भात होता, गोश्त होता. त्यांनी मिठाची बरणी काढली. एक मूठ. थांबल्या. आणखी अर्धी. दुसरे ताट झाकून माझ्या हातात दिले. "मरहूम बाईच्या घरून आलं म्हणून सांग, आणि शेजारी बस. तो काय म्हणतो, ते मला येऊन सांग. जे म्हणेल तेच. तुझं काही घालू नकोस."

तो उतरला होता त्या खाडीकाठच्या सराईत मी ताट नेले. अजानीला अवकाश होता. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. ताटाकडे त्याने पाहिलेही नाही. अजान झाली. त्याने खजूर खाल्ला, पाणी प्यायले, मग तीन बोटांनी घास घेतला.

घास तोंडात गेला आणि तो उभा राहिला. चपला पायांत, गाठोडे काखेत, हात माझ्या दंडावर, हे सगळे मी श्वास घेईपर्यंत झाले. तो दाराकडे बघत म्हणाला, "किती वेळ आहे?"

मग तो थांबला. ताटाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. आणि इतक्या मोठ्याने हसला, की सराईतली माणसे रोजा सोडायची थांबली. "वारली म्हणतोस? मेलेल्या बाईचा हात एवढा खारट?"

खाला स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभ्या होत्या. तो उंबऱ्याबाहेर. मध्ये मी, दुभाषा म्हणून, पण माझी गरज फारशी पडली नाही.

"कोण कोण?" खालांनी विचारले. एवढेच.

"सगळे," तो म्हणाला. "आजोबा, आजी, माझी आई, चुलत्या, पोरं. मागच्या दारानं, ओढ्यातून वर. शिपायांना गरम चूल सापडली, माणूस नाही सापडला."

 पडद्याआडून खालांचा आवाज आला, आणि तो चौकशीचा होता. "काझींच्या घरात अजानीआधी चाखलं कुणी?"

एवढा खंजीरवाला माणूस, पण त्याने मान खाली घातली. "मी. भूक लागली होती. भिंतीवरून ताट घेतलं, गोश्ताचा एक तुकडा चोरला. मग आजोबांसमोर जाऊन सांगावं लागलं की पळा. ते म्हणाले, तुला काय ठाऊक? तर म्हणालो, खारट आहे. सगळं घर माझ्याकडे बघत राहिलं."

"मग?"

"डोंगरात गुहेत पोचलो. सगळ्यांचा जीव वाचला होता. आजोबा सगळ्यांत आधी मला म्हणाले, हा रोजा तुला पुन्हा धरावा लागेल." मग म्हणाला, "आजी गेली गेल्या साली. शेवटपर्यंत म्हणायची, ती बाई फरिश्ता आहे, पण तिला स्वयंपाक कुणी शिकवला नाही."

पडद्यामागून जो आवाज आला, तो रडण्याचा होता की हसण्याचा, हे मी सांगणार नाही, कारण मला नक्की सांगता येत नाही, आणि जे नक्की नाही ते लिहिणे मी इतरांवर सोपवले आहे. मग पडद्यातून पिठाचा हात बाहेर आला. त्याने त्या हातात ताट ठेवले. रिकामे नव्हते, त्यांच्या डोंगरातल्या मनुका होत्या.

त्या रमजानात खाला रोज त्याच्यासाठी रांधीत होत्या, जणू एक बदनामी धुऊन काढायची होती. सांदण, घावणे, खिचडा, गोश्त. तो प्रत्येक घासाला आधी जिभेच्या टोकाने चाखी आणि मग हुश्श करून जेवी. आमच्याही ताटांत मीठ पुन्हा कधी बोलले नाही. ईदनंतर राजापूरवाले वाळवंटातून परतले, सालन चाखले आणि म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो? म्हातारीचा हात सुधारला." या एका घासावर त्यांची अख्खी कथा उभी आहे.

यंदा त्यांनी मला इफ्तारीला बोलावले. त्यांच्या मुलाचा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कारखाना आहे. सुनेने सगळे बाहेरून मागवले होते. हलीम खारट होते. राजापूरवाल्यांनी चमचा तोंडात घातला, खाली ठेवला आणि आधी दाराकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी पुढचा चमचा उचलला. नातवाने विचारले, "दादा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "मियाँ, तुमचं सगळं खरं धरू. पण तसं ताट होतं, तर गेलं कुठे? दाखवा की."

दाखवता येत नाही. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो. खालांची सगळी भांडी त्या कोकणात परत गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर गेली, पण ते ताट त्यांत नव्हते. तो येमेनी ईद करून निघाला, त्या सकाळी खालांनी ते घासले, नाव वर येईल असे लख्ख केले, आणि भरले.

मी म्हणालो, "खाला, एवढ्या वर्षांनी परत आलंय. ठेवून घ्या की."

"मनुका आल्या होत्या त्यात. बदल्यात काही न भरता ठेवून घेऊ?"

त्या धक्क्यावर आल्या नाहीत, गुडघे. मी ताट नेऊन लाँचमध्ये त्याच्या हातात दिले. लाँच सुटायची होती, खलाशी यल्ला, यल्ला ओरडत होते. त्याने रुमालाचे एक टोक उचलले, सांदणाचा कोपरा मोडला आणि जिभेवर ठेवला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, कारण परत गेल्यावर मला तेच सांगायचे होते.

त्याने चपला काढल्या. गाठोडे बाजूला ठेवले. आणि गोणीला पाठ टेकून, कुठेही जायची घाई नसलेल्या माणसासारखा, सावकाश खाऊ लागला.